लॉकर गाडी बघून नको, रस्ता बघून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या गाड्यांच्या पुरवणीत फोर बाय फोरवर अख्खं पान आलं होतं. फोटो झकास होते, पण डिफरन्शियल लॉकरबद्दल, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र बांधणाऱ्या वस्तूबद्दल, एकच वाक्य, की लॉकर टाकला की गाडी कुठंच अडकत नाही. बस. ते वाचून माझा पुतण्या, कराडला असतो, एमएच ५० ची जुनी फोर बाय फोर पिकअप घेतलीये त्याने, तो पुढं आणि मागं दोन्हीकडं ऑटोमॅटिक लॉकर टाकायला निघाला, ॲडव्हान्स पण देणार होता, मी फोनवर थांबवलं त्याला. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण त्याच्यासारखी पोरं आता सातारा-सांगलीत गावोगावी आहेत आणि त्यातली बरीच हौसेला नाही, पोटासाठी गाडी चालवतात. पत्र लांबेल. छापताना कापायचं तर कापा, पण घाटाबद्दल जे लिहिलंय ते कापू नका एवढी विनंती.

मी पाटण तालुक्यातला. बावीस वर्षं झाली कोयनेच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर माल पोचवतोय, सिमेंट, पत्रे, रेशन, पेंड, आणि खाली येताना दूध, नाचणीची पोती, कधी आजारी माणूस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, खाली सांगली पाण्यात होती त्याच आठवड्यात, वरच्या एका वाडीवरनं रात्री निरोप आला की म्हाताऱ्याला दम लागलाय, गाडी आणा. गेलो. म्हातारबांना मागं गादीवर झोपवलं, दोन पोरं शेजारी बसली, वर ताडपत्री, आणि निघालो. अर्ध्या वाटेत पावसानं रस्ता तिरपा कापून ओघळ पाडलेली, जाताना नव्हती तेवढी खोल झालेली, त्यात गाडी अशी बसली की पुढचं उजवं आणि मागचं डावं ही दोन चाकं अधांतरी. फोर व्हील लावलेलं, लो गिअर लावलेला, आणि तरी गाडी तसूभर हलेना. मी टॉर्च घेऊन खाली उतरलो, पोराला हळू ॲक्सिलेटर द्यायला सांगितला आणि मागं बसून बघितलं. लोंबतं डावं चाक गरागरा फिरत होतं, आणि उजवं चाक, जे जांभ्यावर घट्ट टेकलेलं, ज्याच्या खाली चांगली पकड होती, ते जागचं हलत नव्हतं. त्याच्या टायरच्या खाचेत एक पांढरा खडा अडकला होता, तो खडा मी दोन-तीन मिनिटं बघत होतो, तो जिथल्या तिथं. शेवटी म्हातारबांना झोळी करून अडीच किलोमीटर खाली आणलं माणसांनी. वाचले ते, पण तो न हलणारा खडा काय माझ्या डोक्यातनं गेला नाही.

हे का होतं ते आधी सांगतो कारण हे कळल्याशिवाय लॉकर निवडता येत नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. मागच्या दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरा, तर यू टर्नसारख्या अर्ध्या गोल वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ४.४ मीटर जास्त पळतं, वळण लहान असो नाहीतर मोठं, हा फरक तेवढाच राहतो. आमच्या पिकअपच्या टायरचा घेर २.३ मीटरच्या आसपास, म्हणजे कुंभार्ली घाटातल्या एका हेअरपिनला बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ दोन फेऱ्या जास्त घेतं. डिफरन्शियल नसतं तर दर वळणाला टायर घासला असता किंवा आस, म्हणजे चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा, पिळला असता. म्हणून गोळ्यात, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलच्या पेटीत, ते स्टार गिअर बसवलेत, दोन्ही चाकांना आपापल्या वेगानं फिरू देतात. पण त्याची दुसरी बाजू अशी की साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना ताकद सारखीच देतं, आणि ती ताकद किती, तर ज्या चाकाला कमी पकड त्याला फिरायला जेवढी लागेल तेवढीच. अधांतरी चाकाला फिरायला काहीच लागत नाही. मग टेकलेल्या चाकालाही काहीच मिळत नाही. फोर बाय फोर म्हटलं तरी पुढं एक गोळा, मागं एक गोळा, आणि कोपऱ्याकोपऱ्यातली दोन चाकं सुटली की दोन्ही गोळे आपली ताकद त्या सुटलेल्या चाकांनाच घालवतात. लॉकर म्हणजे दुसरं काही नाही, तो दोन्ही आस एकत्र बांधून टाकतो, मग एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं.

आणि हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवीन आहे असं कुणी समजू नये. ट्रॅक्टरला उजव्या टाचेखाली डिफरन्शियल लॉकचा पेडल असतो, ऊस भरलेली ट्रॉली पाणंदीतनं काढताना आमचे वडील तोच दाबायचे. मला शिकवताना म्हणाले होते, "चाक फिराय लागल्यावं टाच लावू नगं, आधी उभा ऱ्हा, मग लाव, आन वळायच्या आदी सोड." लाख रुपयांचा लॉकर घेतला तरी वापरायचा नियम हाच आहे, त्यात एक अक्षर वाढवावं लागत नाही. फिरत्या चाकावर लॉक टाकला की एक बाजू थांबलेली आणि एक पळणारी अशा दोन दात्र्या (दातांच्या चकत्या) एकमेकींवर आदळतात, आणि आवाज ऐकला की कळतं काय गेलं ते.

आता प्रकार. ह्यात पोरांचा फार गोंधळ होतो कारण दुकानदार सगळ्यालाच लॉकर म्हणतो.

लिमिटेड स्लिप म्हणजे एलएसडी, त्यात क्लचच्या प्लेटा असतात, एक चाक जास्त पळायला लागलं की त्या थोडं रोखतात. ओल्या डांबरावर, पातळ चिखलात चांगली, चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. पण चाक पूर्ण उचललं की तिचा जोर फार कमी पडतो, आणि प्लेटा झिजतात, तेल पण तिचं वेगळं घालावं लागतं. टॉर्सेन वगैरे गिअरवाल्या आहेत त्यांना प्लेटा नाहीत, झीज कमी, पण त्याही हवेतल्या चाकाला हरतात, कारण कमी पकडीच्या चाकाला जे मिळतं त्याच्या काही पट त्या दुसऱ्याला देतात आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. तेव्हा ब्रेक हलका दाबून धरला तर थोडं काम होतं.

ब्रेकवाली पद्धत हल्लीच्या गाड्यांत येते, जिम्नीत आहे, थारमध्येही आहे. फिरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते म्हणजे ताकद पलीकडं जाते. खर्च नाही, वजन नाही, चांगली सोय आहे. पण भरलेली गाडी, लांब चढ, पंधरा-वीस मिनिटं तेच चालू राहिलं की ब्रेक तापतात. आमच्या कामाला ती पुरत नाही, शनिवार-रविवार फिरणाऱ्याला पुरते.

मग कंपनीतनं येणारे मेकॅनिकल लॉकिंग, २०२० च्या थारच्या मागच्या आसाला ईटनचा येतो तसला, बोलेरो निओच्या एका मॉडेललाही दिलाय आणि ती तर टू व्हील ड्राइव्ह गाडी. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो खट्कन लॉक होतो आणि ताशी ३०-३२ किलोमीटरच्या वर लॉक होतच नाही, म्हणजे रस्त्यावर त्याचा त्रास नाही. मला हा प्रकार आवडतो. ज्याच्या गाडीत हा आधीपासनं आहे त्याने तो काढून दुसरं काही टाकायच्या भानगडीत पडूच नये. ह्यात एकच गोष्ट, चाक थोडं फिरल्याशिवाय तो पकडत नाही, त्यामुळं अगदी कड्याच्या काठावर, जिथं अर्धा फूट घसरणं परवडत नाही, तिथं जीव टांगणीला लागतो. फोर्सच्या गुरख्याला पुढं-मागं दोन्हीकडं ड्रायव्हरच्या हातातले लॉक कंपनीतनंच येतात. हायलक्सला मागचा लॉक बटणावर आहे, पण ती गाडी आमच्या धंद्यात बसत नाही.

ह्याच्या पुढचं सगळं बाहेरनं बसवायचं. त्यात दोन वाटा, एक आपोआप लागणारा ऑटोमॅटिक आणि दुसरा आपल्या हातातला, बटणाचा, हवेवर नाहीतर करंटवर चालणारा.

मी आधी ऑटोमॅटिक टाकला. २०१९ च्या दिवाळीनंतर. कारण सोपं होतं, स्वस्त, आणि आपल्याच गोळ्यातले स्टार गिअर काढून त्याच जागी बसतो, क्राऊन-पिनियनला, म्हणजे इंजिनची ताकद गोळ्यात आणणाऱ्या दातांच्या जोडीला, हात लावावा लागत नाही, एका दिवसात काम. वाड्यांच्या रस्त्याला त्याने खरंच चांगलं काम दिलं, हे मान्य करायला पाहिजे, कोरड्यात वळताना टकटक टकटक आवाज करतो, ती बाहेरच्या चाकाची दात्री सुटून सुटून पुढं सरकत असते, त्याची सवय होते. हा ताकद दिली की दोन्ही चाकं बांधतो, आणि वळताना बाहेरचं चाक रस्त्याला धरून जास्त पळालं की ते सोडतो. म्हणजे सुटण्यासाठी त्या चाकाला रस्त्याची पकड लागते. आणि जिथं पकड नाही तिथं काय होतं ते मला २०२० च्या पावसात कुंभार्लीला कळलं. चिपळूणला माल उतरवून रिकामी गाडी घेऊन वर येत होतो, सकाळची वेळ, धुकं, रस्त्यावर शेवाळासारखा ओलावा, गाडी मागं हलकी. हेअरपिनला तिसऱ्या गिअरमधनं दुसरा टाकला, ॲक्सिलेटर दिला, आणि लॉकर सुटलाच नाही, दोन्ही मागची चाकं एकत्र बांधलेली, दोघांची पकड एकदम सुटली आणि गाडीचं बूड सरळ कठड्याकडं गेलं. समोरनं एसटी येत होती. मी काही केलं नाही, पाय उचलला आणि स्टिअरिंग धरून ठेवलं, ड्रायव्हरदादांनी ब्रेक मारून गाडी उभी केली म्हणून आज हे लिहितोय. साध्या डिफरन्शियलला अशा वेळी आतलं एक चाक फिरतं, बाहेरचं बुडाला धरून ठेवतं. बांधलेल्या आसाला धरायला कुणीच उरत नाही.

म्हणून घाटातनं रोज जाणाऱ्याने, त्यातनं रिकामी पिकअप पळवणाऱ्याने, ऑटोमॅटिक लॉकर टाकू नये. हे माझं ठाम मत आहे. जी गाडी ट्रेलरवर टाकून नेतात आणि फक्त ऑफ-रोडच्या ट्रॅकवर उतरवतात तिला टाका, तिथं तो स्वस्त आणि दणकट माल आहे. पण आंबेनळी, पसरणी, कुंभार्ली, ह्या घाटांत पावसाचे चार महिने तो नको. आणि स्टार गिअरला वेल्डिंग मारून गोळा कायमचा जाम करायची जी टूम आलीये, ती तर रस्त्यावर आणूच नका, लहान पोरं शाळेत चालत जातात त्या रस्त्याने.

मग मी हवेवाला घेतला, ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा येतो तसला. छोटा कॉम्प्रेसर बॉनेटखाली, तिथनं बारीक नळी मागच्या हौसिंगपर्यंत (आसाच्या बाहेरच्या कवचापर्यंत), बटण दाबलं की शंभरेक पीएसआय हवा आत जाते आणि एक दात्री सरकून आस बांधला जातो, बटण सोडलं की साधं डिफरन्शियल. घाटात साधी गाडी, ओघळीत लॉक गाडी. कॉम्प्रेसर असला की टायरला हवा पण भरता येते, ह्याचा उपयोग रोज होतो. करंटवाला पण चांगला, त्याला नळी नाही, फक्त वायर, पण पाण्यात-चिखलात वायरच्या जोडाची काळजी घ्यावी लागते. दोन्हीत उन्नीस-बीस आहे, आपल्या आसाला जो मिळतो तो घ्यावा. खर्च मात्र सांगतो, कॉम्प्रेसर, बेअरिंग, सील, मजुरी सगळं धरून मी लाखाच्या पुढं गेलो.

आणि इथंच दुसरी ठेच लागली. हा लॉकर बसवताना अख्खा कॅरिअर, म्हणजे क्राऊन ज्याला बांधलेला असतो ते आतलं घर, बदलतो, म्हणजे क्राऊन काढून नव्या कॅरिअरला बांधायचा आणि पिनियनबरोबर परत जुळवायचा. ज्या गॅरेजमध्ये काम दिलं (नाव घेत नाही, गाव पण नाही) तिथं मिस्त्रीनं क्राऊन हातानं मागंपुढं हलवून बघितला आणि म्हणाला, ओके. डायल गेज, म्हणजे दातांतली मोकळीक मोजायचं घड्याळ, बाहेर काढलाच नाही. मी पण गप्प बसलो, तिथं माझी चूक झाली. पहिल्याच आठवड्यात साठच्या स्पीडला घूं असा आवाज, मग ॲक्सिलेटर सोडला की वेगळा आवाज, आणि १८०० किलोमीटरला ऑइल खाली काढलं तर ड्रेन प्लगच्या चुंबकावर चकचकीत पापुद्रे, बोटात धरले तर टोचत होते. क्राऊनच्या चार दातांची टोकं गेलेली. नवा क्राऊन-पिनियन जोड घ्यावा लागला. वर हवेची नळी सायलेन्सरला चिकटून बांधलेली, ती वितळलेली.

त्यामुळं बसवणाऱ्याला आधीच विचारा, डायल गेज आहे का. बॅकलॅश म्हणजे दोन दातांतली मोकळीक किती ठेवणार, ते आकड्यात सांगायला लावा. बऱ्याच गाड्यांना ती ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जी दिलीये तीच धरायची. क्राऊनच्या दातांना रंग लावून फिरवून ठसा कुठं पडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, ठसा दाताच्या मधोमध हवा, टोकाला नको, बुडाला नको. बिलावर बॅकलॅशचा आकडा लिहून घ्या. मी दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा लिहून घेतलं, त्या मिस्त्रीला राग नाही आला, उलट त्याने ठश्याचा फोटो काढून दिला. नवा क्राऊन असेल तर पहिले काही दिवस माल भरू नका, थोडं चालवून गोळा गार होऊ द्या, ७००-८०० किलोमीटरला ऑइल बदला.

घ्यायच्या आधी आणखी काय बघायचं तर आपला आस. गाडीचं नाव सांगून लॉकर मागवला आणि आला तो बसलाच नाही असं दोघांचं झालेलं मला माहितीये. कारण एकाच गाडीला वेगवेगळ्या सालात वेगवेगळे आस येतात. आसाच्या टोकाला स्प्लाइन (उभ्या खाचा) किती ते मोजायचं. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हा रेशो, ४१ आणि ९ असतील तर ४.५६, ४३ आणि ११ असतील तर ३.९१. काही आसांना ठराविक रेशोच्या वर एक कॅरिअर लागतो आणि खाली दुसरा, तो चुकला की क्राऊन पिनियनपर्यंत पोचतच नाही.

आणि आस झेपेल का ते. हा हिशोब फार कमी जण करतात. समजा इंजिनची ताकद २०० न्यूटन मीटर, पहिला गिअर ४, लो रेंज २.५, आणि गोळ्याचा रेशो ४, सगळं गुणलं तर ८००० होतात. साध्या डिफरन्शियलला एका आसावर त्यातली जास्तीत जास्त निम्मी, ४०००. लॉक लागला आणि एक चाक हवेत असलं तर पुरी ८००० एकाच बाजूला जाऊ शकते, टायरने धरलं तर. कंपनीने आस बनवताना हे धरलेलं असेलच असं नाही. त्यात पोरं मोठे टायर घालतात, ते आणखी पकडतात, मग आस पिळून तुटतो. आणि आस सेमी फ्लोटिंग असेल, म्हणजे चाकाचं वजनही त्याच आसावर असेल, तर तुटल्यावर चाक बाहेर यायची भीती असते. फुल फ्लोटिंगला वजन हौसिंगवर असतं, आस तुटला तरी चाक जाग्यावर राहतं, माल भरणाऱ्याला ते बरं. म्हणून लॉक लावला की ॲक्सिलेटर झटक्यात द्यायचा नाही, माणूस चालतो त्या वेगाने गाडी काढायची.

पुढच्या आसाला लॉकर टाकायचा का. माझं उत्तर नाही. पुढचा लॉक लागला की स्टिअरिंग जड होतं, गाडी वळायलाच मागत नाही, आणि वळवलेल्या चाकावर ताकद दिली की सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, जातो. आपल्या वाड्यांचे रस्ते अरुंद, एका बाजूला दरड एका बाजूला दरी, तिथं न वळणारी गाडी कुणाला पाहिजे. मागचा एक, हातातला, एवढ्यावर दहातली नऊ कामं होतात. दहावं काम विंचचं, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राचं आहे.

सांगलीकडच्या वाचकांसाठी मुद्दाम वेगळं लिहितो, कारण वाळवा, पलूस, मिरजेकडची काळी माती आणि आमची तांबडी माती ह्यांचा स्वभावच वेगळा. आमच्याकडं जांभा, खडक, ओघळी, म्हणजे एक चाक उचलतं पण दुसऱ्याखाली कडक जमीन असते, तिथं लॉकर म्हणजे देवासारखा. काळ्या रानात तसं नाही, पाऊस पडला की ती माती फुगते, टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत करून टाकते, आणि चारही चाकांखाली सारखंच लोणी. तिथं लॉक लावला की एका चाकाऐवजी दोन चाकं खड्डा खणतात, गाडी गोळ्यावर बसते आणि मग ट्रॅक्टर आणल्याशिवाय गत नाही. तिथं आधी टायर, चांगल्या रुंद खाचांचे मड टायर, हवा कमी करून, रिकामी किंवा अर्धी भरलेली असेल तर ३५ पीएसआयवरनं २० पर्यंत आणा, पूर्ण भरलेली असेल तर एवढी खाली नेऊ नका, टायर रिमवरनं उतरेल. बाहेर डांबरावर आल्यावर परत भरा. सोबत दोन फळ्या आणि एक चांगला पट्टा ठेवा. सांगलीवाल्यानं लॉकरचे लाख रुपये टायर आणि विंचवर घातले तर त्याचं जास्त भलं होईल. शिराळ्याच्या वरची, चांदोलीकडची बाजू मात्र आमच्यासारखीच, तिथल्यांनी आमचं ऐकावं.

अजून एक, कागदाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की आरसीत कंपनीचे जे मूळ तपशील आहेत त्यात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे परत ठासून सांगितलंय. लॉकर आतली वस्तू आहे, बाहेरनं दिसत नाही, म्हणून गप्प राहायचं असं पोरं म्हणतात. मी तसं केलं नाही. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी कळवा, पोच घ्या, गाडीच्या कागदांत ठेवा, उद्या अपघात झाला आणि क्लेमच्या वेळी कुणी विचारलं तर हातात कागद असावा.

कासच्या पठाराकडं, कातळाच्या सड्यांवर लॉकर दाखवायला गाड्या घालणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, तिथं मातीचा थर बोटभर सुद्धा नाही, एकदा चाक फिरलं की खालचा दगड उघडा पडतो आणि त्या जागेवर फूल परत कधी यायचं. कास पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, २०१२ पासनं. लॉकर रस्ता नाही तिथं रस्ता करायला नसतो, आहे त्या रस्त्याने जायला असतो.

२०२१ च्या जुलैमध्ये आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, ते दिवस कुणी विसरणार नाही. त्याच आठवड्यात मी आमच्या बाजूच्या त्या जुन्या वाडीला पाण्याचे कॅन, तांदूळ आणि घोंगड्या घेऊन गेलो, तीच वाट आणि तशीच तिरपी ओघळ पडलेली. ओघळीच्या दहा फूट आधी गाडी उभी केली, लो टाकला, बटण दाबलं, कॉम्प्रेसर घुर्र वाजला, मागं खट् झालं, दिवा लागला. मग हळू सोडली. डावं चाक तसंच हवेत गेलं, मला आरशात दिसत होतं ते, पण ह्या वेळी ते उजव्याच्याच चालीनं सावकाश फिरत होतं आणि उजवं ओढत होतं. पलीकडं गेल्यावर बटण बंद केलं आणि वळण घेतलं. म्हातारबा ओट्यावर बसले होते, म्हणाले, "आज झोळी न्हाय लागली व्हय."

पुतण्याला मी एवढंच सांगितलंय की पुढचा लॉकर विसर, ऑटोमॅटिक विसर, आधी टायर घे, मग मागं एक हातातला, तोही आस बघून. तो तयार आहे. तुमच्याकडं एवढीच मागणी, मृग लागायच्या आत हे छापा, कारण पोरं गाड्यांची कामं मेमध्ये काढतात. आणि पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा शोरूमवाल्याबरोबर एखाद्या मिस्त्रीला आणि एखाद्या घाटातल्या पिकअपवाल्याला पण विचारा. रविवारी पुतण्या गाडी घेऊन इकडं येतोय, मागनं स्टँडवर चढवून गोळा उघडायचा आणि क्राऊनचे दात, स्प्लाइन सगळं मोजून वहीत लिहायचंय, मगच ऑर्डर.

आपला,
एक जुना वाचक व पिकअपधारक,
ता. पाटण, जि. सातारा